यवतमाळांतील साहेबी वस्ती

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींतील घरें म्हटलीं कीं मुंबई-पुणें डोळ्यांपुढें येतें. पण त्या काळाची एक धाकटी वस्ती यवतमाळासहि उभी राहिली.

1853 च्या तहानें निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला, आणि 1864 सालीं या भागाचा स्वतंत्र जिल्हा झाला. गंमत अशी, कीं जिल्ह्याला पुढें नांव वणीचें मिळालें आणि कचेरी मात्र यवतमाळास. ही विसंगति 1905 सालीं दूर झाली. कचेरीच्या पाठोपाठ अंमलदार आले, आणि अंमलदारांमागून त्यांचे बंगले.

बंगला हा शब्दच मुळीं बंगालचा. तिकडील झोंपडीची बांधणी साहेबानें उचलली व आपल्या इतमामाला साजेशी फुगविली. ती कळावयास वऱ्हाडी वाडा आणि बंगला शेजारीं ठेवून पाहावे. वाडा रस्त्याला भिंत दाखवितो आणि उजेडवारा चौकांतून घेतो. मोकळी जागा त्याच्या पोटांत असते. बंगल्याची मोकळी जागा त्याच्या भोंवतीं. मध्यें उंच जोत्यावर घर, सभोंवार खांबांचा व्हरांडा, छतापाशीं झरोके, दारांना वाळ्याचे ताटे, आणि मागें दूर स्वयंपाकघर व नोकरांच्या खोल्या. वैशाखांत ही रचना सुखाची खरी; पण फाटकापासून दारापर्यंतचें अंतर नुसत्या वाऱ्यासाठीं नव्हतें. अर्ज घेऊन आलेला कुणबी तें अंतर चालतांनाच अर्धा नमत असे.

1901 सालीं राणी वारली, तोंवर यवतमाळास आगगाडी नव्हती. जवळचें स्टेशन धामणगांव, सुमारें 29 मैलांवर. तेव्हां बांधकामाचें जड साहित्य साहजिकच भोंवतालचें: काळा दगड, चुना, रानांतील साग, आणि पहिल्या पिढीच्या अशा बंगल्यांवर बहुधा गवताचें छप्पर.

तीं रानें मात्र सरकारनें राखीव केलीं. जनावरांसाठीं तेथील गवत कापावयाचें तर शेतकऱ्याला परवाना पाहिजे. याच गवतावरून पुढें ठिणगी पडली. वणीस जन्मलेले व यवतमाळास वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे यांनीं 10 जुलै 1930 रोजीं पुसदजवळील राखीव जंगलांत परवान्यावांचून गवत कापलें. त्यांची रवानगी तुरुंगांत झाली. विळे घेऊन निघणारांची रीघ मात्र थांबली नाहीं.