आधी काम ठरवा, मग कॅमेरा

बडोदे, इंदूर, बेळगाव, कुठूनही फोन आला तरी प्रश्न एकच असतो: "साहेब, कॅमेरा कोणता घेऊ?" मी उलट विचारतो, "फोटो कशाचे काढणार? आणि ओझं घेऊन किती चालणार?" फौजेत आधी उद्दिष्ट ठरतं, हत्यार त्यानंतर. निवृत्त झाल्यावर मी स्वतः मात्र नेमकं उलटं केलं.

मोठा डीएसएलआर घेतला, वर लांब पल्ल्याची लेन्स. दोन्ही मिळून अडीच किलो. "साहेब, तुम्हाला शोभतो," असं दुकानदार म्हणाला आणि मी फसलो. एकदा भरतपूरला नेला, सारसाची जोडी झकास मिळाली. मग बॅग कपाटावर गेली ती गेलीच.

आई तेव्हा आमच्याकडे जबलपूरला होती, सत्त्याऐंशी वर्षांची. माझा कॅमेरा दिसला की पदर सारखा करून, ओठ मिटून सावधान बसायची. आमच्या सौ.कडे पर्समध्ये मावणारा साधा डिजिटल कॅमेरा. त्यात आई मेथी निवडतेय, शेजारच्या पोराला पत्त्यांत हरवून खदखदून हसतेय. आई गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधला, तेव्हा माझ्या अडीच किलोत एकही फोटो आईसारखा नव्हता. लावलाय तो सौ.नी काढलेला.

आता मेगापिक्सेलचं बघू. ए-फोर आकाराची चांगली छपाई म्हणजे इंचाला 300 ठिपके, म्हणजे 2480 गुणिले 3508. जेमतेम नऊ मेगापिक्सेल झाले! एवढे आजकाल फोनमध्येही असतात. खरा फरक सेन्सरच्या आकाराचा. फुल फ्रेम 36 बाय 24 मिलिमीटर, एपीएस-सी साधारण 24 बाय 16, आणि 'एक इंची' म्हणतात तो 13.2 बाय 8.8, त्यात इंच कुठे आहे ते शोधत बसू नका. सेन्सर मोठा असला की संध्याकाळच्या आरतीचा फोटोही स्वच्छ येतो. पण सेन्सरबरोबर लेन्सही वाढते, आणि ती आपल्याच खांद्यावर येते.

पक्षी टिपायचे असतील तर फोनचा डिजिटल झूम विसरा, तो चित्राचा तुकडा कापून मोठा करतो. तिथे 400 मिलिमीटरच्या आसपासचा पल्ला लागतोच. एपीएस-सी कॅमेऱ्यावर 300 ची लेन्स साधारण 450 सारखी दिसते, वजनही वाचतं.

आपल्या वयाच्या मंडळींसाठी खास. व्ह्यूफाइंडरशेजारी नजरेचा नंबर जुळवायची छोटी चकती आहे का बघा. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिनेच तारलं. स्टॅबिलायझेशन हात थरथरण्यावर उपाय आहे, धावत्या नातवावर नाही. त्याच्यासाठी शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत न्या. लडाखला जाणार असाल तर जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. थंडीत ती भराभर उतरते.

दुकानात आपलं मेमरी कार्ड घेऊन जा. दहा मिनिटं कॅमेरा गळ्यात अडकवून उभे राहा, दिव्याखाली चार फोटो काढा, घरी येऊन मोठे करून बघा. त्या दिवशी पैसे द्यायचे नाहीत.

माझी बॉडी पुतण्याला दिली. लेन्स मात्र ठेवून घेतलीय. का, ते विचारू नका. घरी रोज विचारलं जातं.