काशीचे लाकडी पक्षी

कार्तिकात पंचगंगा घाटावर वेळूंच्या टोकांशी आकाशदीप डोलू लागतात; अहिल्याबाई होळकरांचा हजारी दीपस्तंभही उजळतो. तेथून परतणाऱ्या यात्रेकरूच्या गाठोड्यात, गंगाजलाच्या गडूशेजारी, एखादा लाकडी राघूही असे.

हे राघू-मोर घडतात ते काश्मीरीगंज, खोजवाँ या मोहल्ल्यांत. कातीव खेळणी निराळी. पक्ष्याची चोच आणि पंख हातानेच कोरावे लागतात. जुने कारागीर त्यासाठी कोरैया, म्हणजे मराठी मुलखातला कुडा, पसंत करीत. ते लाकूड पांढरे व मऊ. पुढे ते दुर्मिळ झाले आणि त्याच्या जागी निलगिरी आली. म्हणून संग्राहकाने आधी तळाचे उघडे लाकूड पाहावे. रंगाचे काय, तो पुन्हाही चढविता येतो! मग मोहल्ला, लाकूड आणि साल लिहिलेली चिठ्ठी तेथेच डकवावी.