पोट भरले, पण दूध कुठून येणार?
(जव्हार भागातील महिला बचत गटांच्या मेळाव्यातील भाषण)



मी पशुवैद्य नाही. माझी पदविका ईशशास्त्राची. पण गटांच्या वह्या तपासताना मला एक गोष्ट सारखी दिसते. गाईसाठी कर्ज घेतले, दूध सुरू झाले, पण दुधाचे पैसे खाद्याच्या पोत्यात गेले आणि हप्ता थकला. म्हणून आज चाऱ्याच्या हिशेबाबद्दल बोलतो.

पेंढा आणि मका जाळून पाहिले, तर किलोमागे मिळणाऱ्या उष्णतेत फारसा फरक नसतो. पण गाय म्हणजे चूल नव्हे. खाल्लेल्यातले बरेच शेणावाटे जाते. काही लघवीतून, काही ढेकरेच्या वायूतून आणि अंगाच्या उष्णतेतून. म्हणून खाद्याची किंमत वजनावर नव्हे, पचणाऱ्या भागावर करायची. याला ‘एकूण पचनीय पोषक द्रव्ये’ म्हणतात. पशुवैद्य ‘टीडीएन’ म्हणतात. भाताच्या पेंढ्यात तो भाग शंभरात साधारण चाळीस, मक्याच्या दाण्यात ऐंशीच्या आसपास.

आता हिशेब करू. ३०० किलोची गाय दिवसाला ६ किलो पेंढा खाते असे धरा. त्यातून तिला जेमतेम अडीच किलो पचनीय अन्न मिळते. नुसते जगायलाच तिला जवळपास तेवढे लागते. मग दूध कुठून येणार? चार टक्के फॅटच्या एका लिटरला आणखी सुमारे ३३० ग्रॅम लागते. ते मिळाले नाही तर गाय अंगावरची चरबी उतरवून दूध देते, खंगते आणि वेळेवर माजावर येत नाही. एक वेत लांबले की वर्षाचा हिशेब कोलमडतो.

खाद्य घेताना भाव पचनीय भागाने भागा. समजा, एक खाद्य ३० रुपये किलो आणि त्यात ७५ टक्के पचनीय. दुसरे २४ रुपये आणि ५० टक्के. पहिल्याचा पचनीय किलो ४० रुपयांना पडतो, दुसऱ्याचा ४८ रुपयांना. स्वस्त पोते महाग निघाले! पोत्यावरच्या चिठ्ठीत तंतूंचा आकडा मोठा असेल, तर ऊर्जा कमी समजा.

बिनपैशाचा उपाय आपल्या माळावरच आहे. गवत वाळून काडी होईपर्यंत थांबू नका. फुलोऱ्यात कापा, तेव्हा ते जास्त पचते. पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करता येते: १०० किलोला ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरांवर शिंपडून, २१ दिवस हवाबंद. पहिल्यांदा पशुवैद्यांच्या देखरेखीखालीच करा. कोरडा युरिया किंवा त्याचे पाणी जनावराच्या तोंडी लागले तर ते दगावते. मक्याचा भरडाही हळूहळू वाढवा, एकदम दिला तर पोट बिघडते. आणि नुसत्या ऊर्जेवर भागत नाही; प्रथिनांसाठी पेंड किंवा सुबाभळीचा थोडा पाला हवाच.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने चाऱ्याचे वजन, खाद्याचा भाव आणि रोजचे दूध लिहून आणावे. आपण मिळून भागाकार करू. गाईने आधी स्वतःचे पोट भरावे, मग हप्ता फेडावा आणि घरातल्या लेकरांच्या पेल्यातही थोडे दूध उरावे, एवढीच माझी इच्छा आहे.