अमेरिकेतला फोन: मोकळा की कंपनीला बांधलेला?

जुलै-ऑगस्ट आला की मुंबई-पुण्याहून, नाशिक-नागपूरहून मुलं शिकायला अमेरिकेला निघतात. घरोघरी एक वाद ठरलेला असतो: फोन इथूनच घेऊन द्यायचा, की तिकडे ‘फुकट’ मिळतो म्हणतात तो घ्यायचा? माझं मत आधीच सांगून टाकतो. कुठूनही घ्या, पण कुठल्याही कंपनीचं सिम चालेल असा मोकळा, म्हणजे अनलॉक्ड फोन घ्या.

फोन एकाच कंपनीला बांधणाऱ्या लॉकची आपल्याला सवय नाही. एका खणात जिओ, दुसऱ्यात एअरटेल घालून आपण फिरतो. पण हा प्रकार इथंही येऊन गेलाय. २००३ साली रिलायन्सनं ५०१ रुपये भरून हातात फोन दिला होता, आठवत असेल. त्याला सिमच नव्हतं. नंबर फोनमध्येच भरलेला, त्यामुळे कंपनी सोडायची तर फोनही सोडा. २०१७ चा जिओफोनही १५०० रुपये अनामत घेऊन मिळायचा आणि फक्त जिओवरच चालायचा. हे फोन निदान स्वस्त तरी होते. २००८ मध्ये आयफोन थ्रीजी आला तेव्हा अमेरिकेत दोन वर्षांच्या करारावर तो १९९ डॉलरला होता. आपल्याकडे तोच ३१ हजार रुपये रोख मोजून घ्यायचा, आणि वर कंपनीचं लॉकही! लोकांनी नाकं मुरडली, ती योग्यच होती.

लॉक चालतं कसं, ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक सिममध्ये एक ओळख क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे असतात, भारताचे ४०४ किंवा ४०५; पुढचे कंपनीचे. लॉक असलेला फोन हे अंक वाचतो आणि ते आपल्या मालक कंपनीचे नसले की नेटवर्कच घेत नाही. आयफोनच्या बाबतीत ही नोंद अ‍ॅपलच्या सर्व्हरवर असते. म्हणून कुणी दुकानदार ‘सिमखाली चिप लावून चालू करून देतो’ म्हणाला तर त्यात पैसे घालू नका. ती कागदासारखी पातळ चिप सिमची ओळख खोटी सांगते, आणि पुढच्या एखाद्या अपडेटला फोन पुन्हा मुका होऊ शकतो.

आता ‘फुकट’ फोनचा हिशोब करू. समजा फोन ७२० डॉलरचा आहे. कंपनी ३६ महिन्यांचे २० डॉलरचे हप्ते लावते आणि दर महिन्याला बिलात तेवढीच सूट देते. झाला फोन फुकट. पण अट अशी की प्लॅन त्यांचा महागातला घ्यायचा. तो धरा ७० डॉलर. मोकळा फोन असता तर त्याच टॉवरवर चालणाऱ्या एखाद्या छोट्या कंपनीचा प्लॅन, धरा, २५ डॉलरला मिळाला असता. महिन्याला ४५ डॉलरचा फरक, ३६ महिन्यांचे झाले १,६२०. म्हणजे ७२० डॉलर वाचवायला १,६२० डॉलर जास्त मोजले. त्यात मास्टर्सचा अभ्यासक्रम बहुधा दोनच वर्षांचा. चोविसाव्या महिन्यात नोकरी दुसऱ्या गावी लागली आणि फोनची कंपनी बदलावीशी वाटली, तर पुढची सूट बंद आणि उरलेले २४० डॉलर एकदम भरा. लॉक आहे ते या उधारीसाठी.

पैशापेक्षाही मोठी अडचण ओटीपीची. मुलाचं इथल्या बँकेत खातं असतं, कधी शैक्षणिक कर्जही असतं, आणि प्रत्येक व्यवहाराचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. तो नंबर तिकडे जिवंत हवा. मोकळ्या फोनमध्ये दोन सिमं सुखानं नांदतात, एक तिथलं, एक इथलं. फोन तिथल्या कंपनीला बांधलेला असेल तर दुसरा खण असूनही इथलं सिम त्यात चालत नाही, आणि मुलगा खिशात दोन फोन घेऊन हिंडतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ क्रमांकाच्या मॉडेलपासून सिमचा खणच नाही, फक्त ई-सिम. तेव्हा तिथं आयफोन घ्यायचा विचार असेल तर इथलं सिम निघण्याआधीच ई-सिम करून घ्या आणि रोमिंग सुरू ठेवा. विमानतळावर गेल्यावर हे सुचून उपयोग नाही.

इथून फोन नेणाऱ्यांना मात्र एक इशारा. मोकळा फोन म्हणजे सगळीकडे चालणारा फोन नव्हे. तिथल्या एटी अँड टी कंपनीनं २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, आणि तिची स्वतःची मान्य मॉडेलांची यादी आहे. आपल्याकडचे कितीतरी अँड्रॉइड फोन त्या यादीत नाहीत, मग त्यांवर कॉलच लागत नाही. टी-मोबाइलची ६०० मेगाहर्ट्झची लहर गावाबाहेर दूरवर पोचते, पण इथले अनेक फोन ती पकडत नाहीत. मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर पाच मिनिटं खर्च करा.

बांधलेला फोन कधीच घेऊ नये, असं मी म्हणत नाही. लेक-जावई न्यू जर्सीत स्थिरावलेत, घरात चार-पाच नंबर एकाच फॅमिली प्लॅनवर आहेत, कंपनी बदलायचा विचार नाही, तर खुशाल घ्यावा. मूल कॅनडात किंवा ब्रिटनमध्ये असेल तर प्रश्नच हलका. कॅनडानं डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटननं डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी घातली आहे. अमेरिकेत तसं नाही. तिथं २०१३ मध्ये कंपनीच्या परवानगीविना लॉक काढणं बेकायदा ठरलं, लाखावर लोकांनी सह्या करून आवाज उठवला, आणि २०१४ मध्ये ओबामांच्या सहीनं कायदा झाला तेव्हा कुठे ग्राहकाला तो हक्क परत मिळाला. लॉक लावायची प्रथा मात्र राहिलीच.

सुट्टीत येणारा भाचा तुमच्यासाठी फोन आणणार असेल तर त्याला आधीच सांगा: सुपरमार्केटमधला स्वस्त प्रीपेड फोन नको, तो हमखास बांधलेला असतो. अ‍ॅपलच्या दुकानात घेतला तर ‘कंपनी नंतर निवडतो’ हा पर्याय घ्यायचा. हातात आल्यावर आयफोनच्या सेटिंगमध्ये जनरल, मग अबाउट उघडा. तिथं कॅरिअर लॉकसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसायला हवं. वापरलेला असेल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून येणारा आयएमईआय क्रमांक जपून ठेवा आणि हप्ते फिटल्याची पावती मागा. हप्ते थकवलेला फोन तिथली कंपनी काळ्या यादीत टाकू शकते.

आणि बांधलेला फोन घरात असेलच, तर लॉक काढण्याचा अर्ज तिथूनच करायला सांगा. सगळे पैसे फिटले आणि कंपनीनं ठरवलेली मुदत उलटली की तिथल्या मोठ्या कंपन्या लॉक फुकट काढून देतात. पण अर्ज खातं चालू असतानाच करावा, नंबर बंद करून मुंबईला उतरल्यावर नव्हे. लॉक निघाल्याचा मेल आला की निघण्याआधी दुसऱ्या कंपनीचं, शेजाऱ्याचं का होईना, सिम घालून एक कॉल लावून पाहावा.