बोकड मोठा की बांध्याचा?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



बाजारात पैदाशीचा बोकड पाहताना आपली नजर प्रथम उंचीवर जाते. परंतु उंची, लांबी आणि छातीचा घेर ही तिन्ही मापे वयाबरोबर वाढत असतात. त्यामुळे जनावर नुसते मोठे आहे, की त्याचा बांधाच वेगळा आहे, हे नजरेने सहसा कळत नाही. मी पिकांचा माणूस. पण या दोन गोष्टी वेगळ्या करण्याचा संख्याशास्त्रातील हिशेब गोठ्यातही उपयोगी पडतो, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

सन १९६० मध्ये जोलिकर व मोसिमन या शास्त्रज्ञांनी २४ नर व २४ मादी कासवांच्या कवचांची लांबी, रुंदी आणि उंची यांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. नर काय, मादी काय, मापांतील ९७ टक्क्यांहून अधिक फरक लहान-मोठेपणाचाच निघाला. बांध्याचा फरक उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत दडलेला होता. मोठेपणा बाजूला काढल्याशिवाय बांधा दिसत नाही, तो असा.

आता आपल्या कामाची सोपी रीत पाहू. तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याचे घनमूळ काढावे. शाळेत जाणारा मुलगा ते काढून देईल. हा झाला मोठेपणाचा आकडा. प्रत्येक मापाला या आकड्याने भागले की बांधा मिळतो.

उदाहरणादाखल दोन बोकड घेऊ. पहिल्याची लांबी ६६, उंची ७५ व घेर ७२ सें.मी. आहे. दुसऱ्याची लांबी ७२, उंची ६६ व घेर ७५ सें.मी. आहे. दोघांचा गुणाकार ३,५६,४०० आणि घनमूळ ७०.९, म्हणजे मोठेपणा सारखाच. मात्र भागाकार केल्यावर पहिल्याची उंची १.०६ व लांबी ०.९३ येते, दुसऱ्याची उंची ०.९३ व लांबी १.०२ येते. बाजारात पहिला नजरेत भरेल. पण लांबी गुणिले घेराचा वर्ग भागिले १०,८४० या नेहमीच्या सूत्राने पहिल्याचे वजन सुमारे ३२ किलो, तर दुसऱ्याचे ३७ किलो भरते. सूत्र अंदाजाचे आहे, काट्याची जागा ते घेत नाही. तरीही मांसासाठी शेळ्या पाळणाऱ्याने कोणता बोकड घ्यावा, हे वेगळे सांगायला नको. शर्यतीच्या खिलार खोंडाचा विचार अर्थातच निराळा. तिथे लांब पाय हवेतच.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. करडू जन्मते तेच लांब पायांचे. उंची लवकर पुरी होते, छाती व लांबी मागाहून भरत जातात. म्हणून सहा महिन्यांच्या पाटाचा बांधा दोन वर्षांच्या बोकडाशी ताडून पाहू नये. एकाच वयाची, एकाच लिंगाची जनावरे शेजारी ठेवावीत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. मोठेपणावर खुराकाचा आणि करडू एकटे जन्मले की जुळे, याचा फार परिणाम होतो. एकट्या करडाला आईचे सगळे दूध मिळते, साहजिकच ते थोराड दिसते. उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी नावाजलेली. दरवर्षी कळपातील सर्वांत मोठा बोकड पैदाशीला ठेवत गेलो, तर नकळत एकट्या करडांनाच निवडून जुळी विकून टाकण्याची चूक होते. म्हणून नोंदवहीत मापांशेजारी जन्माचा प्रकार लिहावाच.

मापे सकाळी चारा-पाण्यापूर्वी घ्यावीत. जनावर सपाट जमिनीवर चारही पायांवर सरळ उभे असावे. घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, फीत न आवळता घ्यावा. घेराचा वर्ग होत असल्याने तिथली दोन सें.मी.ची चूक वरील दुसऱ्या बोकडाच्या वजनात सुमारे दोन किलोंचा फरक पाडते. शक्यतो दर वेळी एकाच माणसाने मोजावे.