साथीच्या काळातील गुन्हेगारीशास्त्राचे क्षेत्रकार्य
(व्याख्यानाचा सारांश)



गुन्हेगारीशास्त्र केवळ ग्रंथांतून शिकता येत नाही. ज्याच्यावर आरोप आहे तो मनुष्य, त्याचे घर, त्याचे गाव आणि न्याययंत्रणा यांचा प्रत्यक्ष परिचय झाल्यावाचून या विद्येला पूर्णता येत नाही. म्हणूनच विद्यार्थ्यांना कारागृह, निरीक्षणगृह, न्यायालय व परिवीक्षा अधिकाऱ्याचे कार्यालय येथे क्षेत्रकार्यासाठी पाठविले जाते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० साली सुरू केलेला ‘प्रयास’ हा प्रकल्प याच परंपरेतील होय.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली आणि हे दरवाजे बंद झाले. कारागृहातील भेटी थांबल्या, न्यायालयांचे नित्याचे काम मंदावले, विद्यापीठे ओस पडली. विद्यार्थ्याचे एक सत्र वाया जाणार, एवढ्यापुरताच हा प्रश्न नव्हता. ज्या बंदिवानाला वकील, जामीनदार वा घरची खुशाली मिळवून देणारे कोणी नाही, त्याचा बाहेरच्या जगाशी असलेला एक दुवा तुटला, हे अधिक गंभीर होते.

त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. २०१९ अखेर देशातील कारागृहांत क्षमतेच्या ११८.५ टक्के बंदी होते आणि त्यांपैकी शेकडा ६९ हे खटल्याचा निकाल न लागलेले, म्हणजे कच्चे कैदी होते. अशा गर्दीत अंतर राखणे अशक्यच. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमण्यास सांगितले. कोणत्या बंद्यांना पॅरोल वा अंतरिम जामीन द्यावा हे या समितीने ठरवावयाचे होते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांतील बंद्यांचा त्यात विचार व्हावा, असे न्यायालयाने सुचविले.

परंतु आदेश निघणे आणि मनुष्य घरी पोहोचणे यांत मोठे अंतर असते. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नसल्याने अडकून पडणारे पुष्कळ असतात. सुटका झाली तरी त्या दिवसांत एस. टी. नाही, रेल्वे नाही. गावी पोहोचल्यावर ‘तुरुंगातून रोग घेऊन आला’ ही शंका वेगळीच. येथे दूरध्वनीवरूनही पुष्कळ काम करता येते. कुटुंबाचा पत्ता शोधणे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज पोहोचविणे, सरपंच व पोलीस पाटील यांच्याशी बोलणे, ही सारी कामे विद्यार्थ्याला दुरूनही साधणारी आहेत.

सुटका तात्पुरती आहे, हे बंद्याला नीट समजावून सांगणे हेही महत्त्वाचे काम होय. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साथीच्या काळात सुटलेल्यांना पंधरा दिवसांत हजर होण्यास सांगितले. ज्याला हे कोणी सांगितलेच नाही, तो घरी बसल्या बसल्या फरारी ठरण्याचा धोका होता.

मात्र दूरध्वनीची मर्यादाही ओळखली पाहिजे. पलीकडे पहारेकरी उभा असता बंदी मोकळेपणाने बोलत नाही. घरातील तंटा, मारहाण यांची वाच्यता स्त्री सर्वांदेखत करीत नाही. परिवीक्षा अधिकाऱ्याचा गृहचौकशी अहवाल घर न पाहता लिहिला, तर तो अपुराच राहतो. आणि अशा अहवालावर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली एखाद्याचे तुरुंगात जाणे वा न जाणे अवलंबून असू शकते. म्हणून दूरस्थ क्षेत्रकार्य हे आपत्तीतील साधन आहे, प्रत्यक्ष कार्याचा पर्याय नव्हे.

यावरून तिघांनी बोध घ्यावयाचा आहे. अधिकाऱ्यांनी पुढील आपत्तीपूर्वीच विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचे, संरक्षणाचे व गोपनीयतेचे नियम लेखी ठरवावेत. शिक्षकांनी भरलेल्या तासांपेक्षा पार पाडलेल्या जबाबदारीवरून गुण द्यावेत. ग्रामस्थांनी परतलेल्या माणसासाठी दार उघडे ठेवावे. कारण साथ ओसरते, पण गावाने फिरवलेली पाठ माणूस जन्मभर विसरत नाही.