घराचे अंतर

नवे घर पाहावयास गेलो की आपण खोल्या मोजतो, नळाला पाणी किती वेळ येते ते विचारतो. गाडीत जाणारे तास मात्र कोणी मोजीत नाही. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटर. दारापासून कचेरीपर्यंत दोन तास धरले, तर जाऊन-येऊन चार. कामाच्या ३०० दिवसांचे १२०० तास, म्हणजे ५० अहोरात्र! आम्हीही स्वस्त म्हणून तिकडे घर घेतले. खोली एक वाढली. पण मुले झोपेत असताना निघावयाचे आणि ती निजल्यावर परतावयाचे. दूर राहूच नये, असे आमचे म्हणणे नाही. विसार देण्यापूर्वी आठवडाभर ऐन गर्दीत तो प्रवास करून पाहावा, एवढेच. नुसते निजावयास धर्मशाळाही पुरते. घर राहावयास हवे.